कर्फ्यू, धुराडं आणि चार इंच जागा

'कर्फ्यू' या शब्दाचा अर्थ आपल्या मोहल्ल्यांना शब्दकोशात बघावा लागत नाही. बंद शटर, रिकामा रस्ता, दोन तासांची सूट आणि त्या दोन तासांत दूध-पीठ आणायची धावपळ. १९९२-९३ ज्यांनी पाहिलं नाही, त्या मुलांनीही हे सगळं घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं असतं. मराठीत आपण त्याला संचारबंदी म्हणतो. पण या शब्दाच्या मुळात संचारही नाही आणि बंदीही नाही. 'कूव्र-फ' या जुन्या फ्रेंच शब्दांवरून तो इंग्रजीत आला. त्यांचा अर्थ एवढाच, 'आग झाका'.

मध्ययुगीन युरोपातल्या गावांत संध्याकाळी ठरावीक वेळी घंटा व्हायची. ती झाली की घरोघरी चुलीतले निखारे राखेखाली सारायचे किंवा त्यावर धातूचं झाकण ठेवायचं आणि मग झोपायचं. घरं लाकडाची, छपरं गवताची. एका घरातली ठिणगी उडाली तर सकाळपर्यंत अख्खी गल्ली राख. म्हणून घंटा सगळ्यांसाठी एकच. पुढे त्याच घंटेचा अर्थ 'आता बाहेर फिरू नका' असा झाला आणि तिथून तो शब्द पोलिसांच्या जीपवरच्या भोंग्यापर्यंत आला.

हदीस वाचणाऱ्यांना ही सूचना नवी वाटणार नाही. मदिनेत एकदा रात्री एक घर आतल्या माणसांसकट जळालं. प्रेषित मुहम्मद (स.) यांना ते कळलं तेव्हा त्यांनी आगीला माणसाचा शत्रू म्हटलं आणि झोपण्याआधी ती विझवायला सांगितलं. दुसऱ्या एका हदीसमध्ये दिवे विझवण्याचं कारणही दिलं आहे. उंदीर जळती वात ओढून नेतो आणि घर पेटवतो. दोन्ही हदीस बुखारीत आहेत. मला त्यातली साधी नजर आवडते. आग कशी लागते हे आधी पाहिलं आहे आणि मग नियम सांगितला आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूच्या धड्यात 'आतिशदान' आलं की कोकणात किंवा मराठवाड्यात वाढलेल्या मुलांना ते डोळ्यांसमोर आणता येत नाही. आतिशदान म्हणजे भिंतीत बांधलेली, खोली ऊबदार ठेवायची चूल, इंग्रजीतली फायरप्लेस. तिचा धूर वर नेणारी ती 'दूदकश', म्हणजे धूर ओढणारी. मराठीत धुराडं. इंग्रजीतल्या 'चिमनी'चं आपण 'चिमणी' केलं, आणि मुलं विचारतात की पाखराचा आणि धुराचा काय संबंध? काही संबंध नाही. तो शब्द भट्टीसाठीच्या ग्रीक शब्दापासून निघून लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजीतून आपल्याकडे आला. काश्मीरमध्ये खोली गरम करणाऱ्या लोखंडी शेगडीला 'बुखारी' म्हणतात. ते नाव 'बुखार', म्हणजे वाफ, यावरून आहे. इमाम बुखारींच्या बुखारा शहरावरून नाही. ताप या अर्थाचा 'बुखार'ही त्याच घरचा.

शब्द सोपे आहेत. पण लाकडाच्या घरात, लाकडाच्या चौकटीत, लाकडाचीच आग पेटवायची आणि घर मात्र पेटू द्यायचं नाही, हे माणूस फार हळू शिकला. प्रत्येक धडा कोणाच्या तरी राखेवर लिहिला गेला. काही वेळा तर जळालेल्यांऐवजी भलत्याच माणसांना त्याची किंमत मोजावी लागली. तो इतिहास आपल्याला माहीत असायला हवा, असं मला वाटतं.

मधली चूल भिंतीला गेली

युरोपातल्या जुन्या घरांत आग खोलीच्या मधोमध असायची आणि धूर छपराच्या भोकातून जमेल तसा बाहेर पडायचा. आपल्या खेड्यांतल्या चुलीही परवापरवापर्यंत असाच धूर घरभर सोडत होत्या, आणि तो आपल्या आई-आज्यांनी आयुष्यभर फुफ्फुसांत घेतला. भिंतीत बांधलेली चूल आणि वर जाणारं धुराडं आधी किल्ले-वाड्यांत आलं. साध्या घरांत ते सर्रास दिसायला सोळावं शतक उजाडावं लागलं.

धुराड्याने खोलीतला धूर गेला, पण धोका भिंतीत शिरला. गरिबांची धुराडी लाकडी काठ्यांवर माती थापून केलेली असत. माती तडकली की आतली काठी उघडी पडे. लंडनने या बाबतीत नियम फार लवकर केले. बाराव्या शतकाच्या अखेरीस तिथे शेजाऱ्यांमधली सामाईक भिंत दगडाची आणि तीन फूट जाडीची असावी, असं ठरलं. १२१२ च्या मोठ्या आगीनंतर गवती छपरांवर बंदी आली. म्हणजे पहिला नियम मालकाच्या सोयीसाठी झालाच नव्हता. तो शेजाऱ्यासाठी होता. आपल्याकडे ज्याला हमसायाचा हक म्हणतात, तोच तिथल्या भिंतीच्या जाडीत मोजला गेला.

नियम होते, तरी शहर लाकडाचंच राहिलं. वीट महाग, लाकूड स्वस्त. वरचे मजले गल्लीवर इतके पुढे काढलेले की समोरासमोरची घरं जवळजवळ एकमेकांना टेकत.

पुडिंग लेनचा बेकर

२ सप्टेंबर १६६६, रविवार. मध्यरात्रीनंतर लंडनच्या पुडिंग लेनमधल्या टॉमस फॅरिनर या बेकरच्या घरात आग लागली. घरच्यांनी वरच्या खिडकीतून शेजारच्या छपरावर उतरून जीव वाचवला. कामवाली मुलगी घाबरली, तिला उतरता आलं नाही. ती या आगीची पहिली बळी. तिचं नाव सांगणारी कागदोपत्री खात्रीची नोंद नाही. मालकाचं नाव मात्र साडेतीनशे वर्षं टिकलं.

उन्हाळा कोरडा गेला होता आणि पूर्वेकडून जोराचा वारा होता. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरं, ८७ चर्च आणि सेंट पॉलचं जुनं कॅथेड्रल जळालं. बेकर शेवटपर्यंत म्हणत राहिला की मी रात्री भट्टी विझवून, पाहून झोपलो होतो.

मग शहराने गुन्हेगार शोधायला सुरुवात केली. इंग्लंडचं तेव्हा डच आणि फ्रेंचांशी युद्ध चालू होतं आणि कॅथलिकांबद्दल संशय जुनाच होता. आग विझायच्या आधीच रस्त्यांत परदेशी माणसांना मारहाण सुरू झाली. ज्याची बोली वेगळी, तो आग लावणारा.

रॉबर्ट ह्यूबर्ट हा फ्रान्समधल्या रूआँ गावच्या घड्याळजीचा मुलगा. त्याने आग आपणच लावली असं कबूल केलं. आधी म्हणाला, वेस्टमिन्स्टरमध्ये लावली. तिथवर तर आग पोचलीच नव्हती. मग म्हणाला, बेकरीच्या खिडकीतून आगीचा गोळा टाकला. पण बेकरीला तशी खिडकीच नव्हती. त्याचं डोकं ठिकाणावर नसावं, हे समोर बसलेल्यांना दिसत होतं. त्याच्यावर खटला भरणाऱ्यांचाही त्याच्या बोलण्यावर विश्वास नव्हता, असं त्या काळच्या लॉर्ड चॅन्सलर क्लॅरेंडन यांनीच लिहून ठेवलं आहे. तरीही ऑक्टोबर १६६६ मध्ये त्याला फाशी झाली. त्याच्या विरोधातल्या आरोपपत्रावर बेकर फॅरिनरच्या कुटुंबातल्या तिघांच्या सह्या होत्या. नंतर ज्या जहाजातून तो आला त्याच्या कप्तानाने सांगितलं की आग लागल्यानंतर दोन दिवसांनी हा माणूस लंडनला उतरला.

सरकारी चौकशीचा निष्कर्ष पुढे असा निघाला, की ही ईश्वराची करणी, जोराचा वारा आणि कोरडा हंगाम. कट सापडला नाही. पण अफवेला चौकशीशी देणंघेणं नसतं. आगीच्या स्मरणार्थ २०२ फूट उंचीचा स्तंभ उभारला होता. १६८१ मध्ये त्यावर कॅथलिकांना दोषी ठरवणारी इबारत कोरली गेली. कॅथलिक राजा आला तेव्हा ती खोडली, तो गेल्यावर पुन्हा कोरली. ती कायमची काढली १८३० मध्ये. जवळजवळ दीडशे वर्षं त्या शहरातलं कॅथलिक मूल स्तंभाखालून जाताना स्वतःवरची तोहमत वाचत होतं. आणि १९८६ मध्ये लंडनच्या बेकर मंडळींच्या संघटनेने शहराची रीतसर माफी मागितली. भट्टी आमचीच होती, हे मान्य करायला ३२० वर्षं लागली.

आणि इस्तंबूल

हे वाचून आपल्यापैकी काहींना आपल्या इथल्या गोष्टी आठवतील, काहींना थोडं समाधानही वाटेल की बघा, हे सगळीकडे असंच आहे. त्यांनी पुढचंही वाचावं. लंडनच्या सहा वर्षं आधी, जुलै १६६० मध्ये, इस्तंबूल जळालं. शहर लाकडी, गल्ल्या अरुंद, खोली गरम ठेवायला घरोघरी 'मंगल', म्हणजे निखाऱ्यांची शेगडी. आग सुरू झाली ती सरपणाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दरवाजाबाहेरच्या एका दुकानात. शहराचा मोठा भाग गेला.

एमिनोनू या बंदरालगतच्या भागात ज्यू लोकांची जुनी वस्ती होती. तीही जळाली होती. आगीनंतर त्यांना तिथे पुन्हा घरं बांधू दिली नाहीत, तिथून हलवलं. त्या जागेवर सुलतानाची आई तुर्हान सुलतान हिने अर्धशतकाहून जास्त काळ अर्धवट पडलेली मशीद पुरी करून घेतली. तीच आजची येनी जामी, पर्यटक जिचे फोटो काढतात. मशीद सुंदर आहे, यात वाद नाही. पण ज्यांची घरं जळाली त्यांना त्यांची जागा परत मिळाली नाही, हेही तिच्या इतिहासात लिहायला हवं. लंडनमधल्या ह्यूबर्टसाठी हळहळणाऱ्याने इस्तंबूलमधल्या त्या वस्तीसाठी गप्प बसू नये. न्यायाची वजनं दोन्ही पारड्यांत सारखीच लागतात. कुराणाची शिकवणही वेगळी नाही.

राखेतून निघालेला कायदा

अफवांच्या या गोंगाटात काही लोक शांतपणे दुसरं काम करत होते. १६६७ च्या पुनर्बांधणी कायद्याने लंडनमधल्या घरांचे चार प्रकार ठरवले, बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्याच असाव्यात हे बंधनकारक केलं आणि कोणत्या मजल्याला भिंत किती जाड, हेही लिहून दिलं. बांधकाम तपासायला सर्वेक्षक नेमले. त्यांत रॉबर्ट हूक हा नामवंत शास्त्रज्ञ होता. पुढे निकोलस बार्बन याने आगीचा विमा सुरू केला. त्यात लाकडी घराचा हप्ता विटेच्या घराच्या दुप्पट ठेवला. उपदेशाने न ऐकणारे लोक हप्ता पाहून ऐकू लागले.

पण याच काळात सरकारने एक उलटं कामही केलं होतं. १६६२ पासून इंग्लंडमध्ये प्रत्येक चुलीवर वर्षाला दोन शिलिंग कर होता. अधिकारी घरात शिरून चुली मोजत. लोक चुली विटा लावून बुजवत किंवा एकाच धुराड्यात दोन चुली जोडत. १६८४ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल या गावी एका बेकरीवाल्या बाईने कर वाचवायला आपल्या भट्टीचं तोंड भिंत फोडून शेजाऱ्याच्या धुराड्यात काढलं. त्यातून लागलेल्या आगीत वीसएक घरं जळाली आणि चार माणसं मेली. पाच वर्षांनी, १६८९ मध्ये, तो कर रद्द झाला. सुरक्षिततेवर कर लावला की लोक सुरक्षितताच चोरतात, हे राज्यकर्त्यांना उशिरा कळलं. आणि शेजाऱ्याच्या भिंतीला न विचारता भोक पाडलं की काय होतं, हे गावाला त्याच दिवशी कळलं.

धुराड्यात उतरलेली मुलं

विटेची धुराडी आली, कोळसा आला, धुराडी अरुंद आणि वळणावळणाची झाली. आत काजळी साचते आणि ती स्वतःच पेट घेते, म्हणून ती खरवडायला हवी. मोठा माणूस आत मावत नाही. मग गरिबांची, अनाथाश्रमांतली लहान मुलं आत चढवली जाऊ लागली. श्रीमंताच्या दिवाणखान्यातली सुरक्षित ऊब या मुलांच्या गुडघ्या-कोपरांच्या सालपटांवर उभी होती. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने दाखवून दिलं की धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याचं कारण काजळी. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने पहिल्यांदा नोंदवलं ते या मुलांमुळे.

१७८८ चा कायदा म्हणाला, आठ वर्षांखालचं मूल कामाला ठेवू नका. १८४० चा म्हणाला, एकवीस वर्षांखालच्या कोणालाही धुराड्यात चढवू नका. दोन्ही कागदावर राहिले. लांब दांड्यांचे ब्रश तोवर आलेले होते, पण मुलं स्वस्त होती. १८७५ मध्ये केंब्रिजजवळच्या फुलबर्नच्या मनोरुग्णालयात जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकला आणि मेला. त्याच्या मालकाला शिक्षा झाली. त्याच वर्षी नवा कायदा आला, धुराडी साफ करणाऱ्यांना परवाना आणि पोलिसांची देखरेख सक्तीची झाली आणि मगच ही प्रथा संपली. पहिल्या कायद्यापासून शेवटच्यापर्यंत ८७ वर्षं. मुलांना हे शिकवताना मी तारखा पाठ करायला सांगत नाही; फक्त वजाबाकी करायला सांगतो.

ऊब आणि कर्करोगाचं नातं आपल्या देशातही आहे. काश्मिरी माणूस फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतो. वर्षानुवर्षं कातडीला तीच आच लागून पोट-मांड्यांवर जो कर्करोग होतो, त्याला वैद्यकात कांगडीच्याच नावाने ओळखतात. त्याच काश्मीरमधल्या मशिदींत आणि जुन्या घरांत 'हम्माम' असतो. दगडी फरशीखाली पोकळी ठेवून तिथे लाकूड जाळायचं आणि वर फरशी तापवायची. आग खाली, माणसं वर, मध्ये दगड. थंडीत लोक त्या खोलीत नमाज पढतात, गप्पा मारतात. श्रीनगरची जामा मशीद देवदाराच्या ३७८ खांबांवर उभी आहे आणि तीन वेळा जळून पुन्हा बांधलेली आहे. लाकडाच्या इमारतीत दगडाचं महत्त्व तिथल्या कारागिराला वेगळं समजवावं लागत नाही.

फ्रँकलिन आणि रमफर्ड

आता थोडं कारागिरीबद्दल. उघडी फायरप्लेस दिसायला छान, पण तिची बरीचशी उष्णता धुराड्यातून आकाशात जाते. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकात लोखंडी पत्र्यांची शेगडी काढली, म्हणजे कमी लाकडात जास्त ऊब. त्याने तिचं पेटंट घेतलं नाही. लोकांच्या उपयोगाची गोष्ट लोकांना मोकळी असावी, असं त्याचं म्हणणं. याच फ्रँकलिनने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचं मंडळ उभं केलं होतं, हे विसरू नये. जो चुलीचा विचार करतो त्याने बादलीचाही करावा.

१७९६ मध्ये काउंट रमफर्डने लंडनच्या फायरप्लेस दुरुस्त करायला घेतल्या. त्याने आगीचा कोनाडा उथळ केला, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या म्हणजे आच खोलीत फेकली जाईल, आणि धुराड्याचा गळा अरुंद केला म्हणजे धूर जोराने वर जाईल. नवं यंत्र काही नाही, फक्त विटांची मांडणी बदलली. त्याची इतकी चलती झाली की जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीतही रमफर्डचा उल्लेख येतो.

चार इंच

माझा एक जुना विद्यार्थी सातारा जिल्ह्यात बांधकामाची कामं घेतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या इंग्रजी बंगल्यांत फायरप्लेस आहेतच. आता नव्या होम-स्टेवाल्यांनाही त्या हव्या आहेत. तो मला फोनवर म्हणाला, "सर, मालकाला मोबाइलवरच्या फोटोसारखी पाहिजे. चारी बाजूंनी सागाची चौकट, वर जाड लाकडी फळी, मागे प्लायची भिंत." मी बांधकामाचा माणूस नाही. पण या विषयावर वाचत होतो, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथेही लिहितो. हे आकडे अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांतले आहेत. विटांच्या फायरप्लेससाठी ते तिथे पाळले जातात.

आगीचा कोनाडा आतून अग्निविटांचा हवा आणि त्यासकट मागची-बाजूची भिंत निदान आठ इंच जाड हवी. या विटकामाच्या पाठीमागे लाकडी चौकट असेल तर दोघांमध्ये चार इंच जागा मोकळी सोडायची. पुढून आणि बाजूंनी दोन इंच. घराच्या आतून वर जाणाऱ्या धुराड्याभोवती दोन इंच. तुळई किंवा वासा धुराड्याला टेकवायचा नाही. आडवा वासा घालून वळवून घ्यायचा. ही जागा भुसा, थर्माकोल, फोम असल्या कशानेही भरायची नाही. प्रत्येक मजल्याच्या पातळीवर ती न जळणाऱ्या वस्तूने बंद करायची, म्हणजे खालची आग त्या पोकळीतून वर चढणार नाही.

चार इंचांचा एवढा आग्रह का? लाकूड पेटायला साधारण अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, असं आपण मानतो. पण तेच लाकूड वर्षानुवर्षं गरम विटेला टेकून राहिलं की आतून हळूहळू कोळशासारखं होत जातं आणि मग बऱ्याच कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं. पहिल्या हिवाळ्यात काही होत नाही. पाचव्यातही कदाचित नाही. त्यामुळे मालकाला वाटतं मिस्त्री उगाच घाबरवत होता. भिंतीच्या आत काय चाललं आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून ते बांधतानाच पाहावं लागतं.

फायरप्लेसच्या तोंडापासून सहा इंचांच्या आत लाकूड नको. सहा ते बारा इंचांच्या पट्ट्यात लाकडी चौकट चालते, पण जितकी जवळ तितकी भिंतीतून कमी पुढे आलेली. बारा इंचांवर ती दीड इंचच पुढे येऊ शकते. म्हणजे फोटोतली ती जाड फळी आणखी वर न्यावी लागेल. समोर जमिनीवर दगडाचा किंवा न जळणारा ओटा सोळा इंच पुढे आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच हवा. तोंड सहा चौरस फुटांहून मोठं असेल तर वीस आणि बारा इंच. लाकूड तडतडलं की ठिणगी तिथेच पडू दे, गालिच्यावर नको. धुराडं छपरातून जिथे निघतं तिथून निदान तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याहून दोन फूट उंच हवं. नाहीतर वारा धूर परत घरात ढकलतो.

लाकूड वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचा थंड धूर धुराड्याच्या आत डांबरासारखा थर बसवतो. हा थर पेटला तर धुराड्यात हजार अंशांच्या वर आग भडकू शकते, आणि तेव्हा त्या दोन इंचांचीच परीक्षा असते. म्हणून दरवर्षी पेटवण्याआधी तपासणी आणि साफसफाई करायची. आता त्यासाठी ब्रश आहेत, मुलांची गरज नाही. राख लगेच प्लास्टिकच्या बादलीत भरायची नाही, निखारा राखेत बराच वेळ जिवंत राहतो. झाकण असलेला पत्र्याचा डबा घ्यायचा आणि तो घराबाहेर ठेवायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हवा. जळण अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, त्या बातम्या आपण वाचतो. फायरप्लेस असलेल्या खोलीत बाहेरची हवा यायला वाट हवी, या वायूचा इशारा देणारं छोटं यंत्र हवं, आणि निखारे पुरते विझल्याशिवाय धुराड्याची झडप लावायची नाही. पाहुण्यांच्या खोलीत तर ही सूचना मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, जमेल त्या भाषेत भिंतीवर लावावी. थंडीने कुडकुडणारा पाहुणा झडप लावून खोली घट्ट बंद करणार, हे गृहीत धरूनच चालावं.

माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, एवढं केलं तर खर्च वाढतो आणि मालक दुसरा मिस्त्री बघतो." हे खरं आहे. लंडनमध्येही साडेचारशे वर्षं हेच चाललं होतं; नियम होते आणि स्वस्त लाकूडही होतं. मी त्याला एवढंच म्हटलं की मालक बदलेल, पण त्या भिंतीपलीकडच्या खोलीत झोपणाऱ्याने तुला निवडलेलं नसतं. त्याचा हक तुझ्याकडे आहे. त्याने दगडी चौकट आणि उंच फळी असं नवं चित्र काढून मालकाकडे पाठवलं आहे. मालकाचं उत्तर अजून यायचं आहे.

एक सवय मात्र आपण सगळेच लावून घेऊ शकतो, फायरप्लेस असो वा नसो. कुठे आग लागल्याची बातमी आली, की मोबाइलवर पहिला प्रश्न 'कोणी लावली' असा येतो आणि त्याच्यापाठोपाठ एखादं नाव, एखादी टोपी, एखादा मोहल्ला. त्या वेळी आपण उलटे प्रश्न विचारावेत. वायरिंग कसं होतं? बाहेर पडायची वाट होती का? भट्टी आणि लाकूड यांच्यात अंतर किती होतं? तपासणीच्या कागदावर सही कोणाची? नाव आपल्या माणसाचं असो किंवा दुसऱ्याचं, या प्रश्नांची उत्तरं येईपर्यंत मेसेज पुढे पाठवायचा नाही. ह्यूबर्टला फाशी देणाऱ्या शहरात बेकरीची खिडकी बघून यायला पायी फार वेळ लागला नसता.